हिस्टरी घेताना पेशंट नुसतं हो-नाही म्हणतात, नेमकं विचारायचं कसं?

पहिलीच_पोस्टिंग

नमस्कार सगळ्यांना. मी नर्सिंग फर्स्ट इयरला आहे, मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग सुरू होऊन दुसरा आठवडा. आम्हाला हेल्थ असेसमेंटचा सहा पानी फॉरमॅट दिलाय, त्यात चीफ कंप्लेंट, आत्ताचा आजार, आधीचे आजार, फॅमिली हिस्टरी, औषधं, अ‍ॅलर्जी, झोप, भूक, लघवी-संडास आणि मग डोक्यापासून पायापर्यंत तपासणी असं सगळं आहे.

काल एका काकांची हिस्टरी घेतली, वय साठच्या आसपास, हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडतं तो आजार), दुसऱ्यांदा अ‍ॅडमिट. पाऊण तास बसले, एकही रकाना रिकामा सोडला नाही. दम लागतो का, नाही. गोळ्या वेळेवर घेता ना, हो. झोप लागते ना, लागते. दुसरा काही त्रास नाही ना, नाही. मला वाटलं काय मस्त झालं.

मग संध्याकाळच्या सिस्टर आल्या, हँडओव्हर झाल्यावर राउंड घेता घेता काकांशी पाच मिनिटं बोलल्या, मी बाजूलाच उभी. त्या पाच मिनिटांत काय काय निघालं तर काका दोन महिने खुर्चीत बसून झोपतायत, जिना चढणं सोडून दिलंय, लघवीची गोळी (अंगातलं जादा पाणी काढणारी, रोजची) आठवड्यातून तीन-चार वेळाच घेतात आणि गुडघ्यासाठी रोज पेनकिलर चालू आहे. आणि माझ्या वहीत लिहिलंय "औषधे नियमित". धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

काका माझ्याशी खोटं का बोलले? स्टुडंट आहे म्हणून सांगावंसं वाटलं नाही का? आणि दुसरं म्हणजे दारू, पाळी, संबंध वगैरे प्रश्न आले की मला घाम फुटतो, खरं सांगायचं तर ते मी न विचारताच "नाही" लिहून टाकते (ओरडू नका). तपासणीचं तर विचारूच नका, हात कापतात. कोणीतरी समजावून सांगा प्लीज, पुस्तकातलं नको, तुम्ही स्वतः कसं करता ते.

रात्रपाळीवाली

काका खोटं बोललेच नाहीत गं. तू जे विचारलंस त्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं. जिना चढणंच सोडलंय तर दम लागेल कुठून? माणूस आजारी पडत जातो तसा हळूहळू एकेक गोष्ट सोडत जातो, आधी जिना, मग बाजारात जाणं, मग अंघोळीला उभं राहणं, आणि जेवढं उरलंय तेवढ्यात त्याला दम लागत नाही. म्हणून मी "दम लागतो का" असं कधी विचारतच नाही. मी विचारते, सहा महिन्यांपूर्वी काय काय करायचात जे आता जमत नाही? पलंगावरून बाथरूमपर्यंत जाताना मधे थांबता का? रात्री डोक्याखाली किती उशा घेता? पूर्वी किती घ्यायचात? ही उशांची मोजणी हार्ट फेल्युअरमध्ये सोन्यासारखी असते कारण आडवं झालं की पायात साचलेलं पाणी छातीकडे येतं, श्वास कोंडतो, माणूस आपोआप उंच होत जातो, एक उशी, दोन, तीन, मग खुर्ची. काकांना हे आजाराचं लक्षण वाटतच नाही, त्यांना वाटतं खुर्चीत बरं वाटतं बाबा आपल्याला. तू विचारलंस झोप लागते ना. लागते की! खुर्चीत.

आता तुझ्या पोस्टमधलेच प्रश्न परत वाच. "घेता ना", "लागते ना", "त्रास नाही ना". या प्रत्येक "ना"मध्ये उत्तर तूच देऊन टाकलंयस, समोरच्याने फक्त मान हलवायची. आपल्या भाषेत हा "ना" प्रेमाचा आहे, घरी आपण असंच बोलतो, जेवलास ना, पोचलीस ना, पण हिस्टरी घेताना तो फार घात करतो. युनिफॉर्ममधल्या माणसाने "गोळ्या घेता ना" विचारल्यावर "नाही घेत" म्हणायला वाघाचं काळीज लागतं. मी माझ्या हाताखालच्या मुलींना पहिल्या दिवशी एवढंच सांगते, आठवडाभर "ना" न लावता प्रश्न विचारून दाखवा. जमत नाही कोणाला, जीभ वळतेच.

गोळ्यांचं म्हणशील तर घेता का विचारूच नको. काल सकाळी उठल्यापासून कोणत्या कोणत्या गोळ्या घेतल्या ते सांगा म्हणावं. डबा, पाकिटं, पिशवी असेल तर काढायला लाव, पाकिटावरची तारीख आणि उरलेल्या गोळ्या बघितल्या की हिशोब कळतो. मग "बऱ्याच जणांना ही लघवीची गोळी त्रासाची वाटते, तुमचं कसं आहे?" बहुतेक वेळा उत्तर हेच असतं की बाहेर जायचं असलं की घेत नाही, कुठे जागा शोधत फिरायचं. नाहीतर सकाळची गोळी रात्री घेतात आणि मग रात्रभर उठावं लागतं म्हणून सोडून देतात. कारण कळलं की पुढचं सोपं असतं, डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घेता येते.

आणि पेनकिलर! लोकांच्या हिशोबात "औषध" म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं तेवढंच. गुडघ्याची गोळी त्यांच्या लेखी औषध नाहीच. म्हणून वेगवेगळं विचारायचं, दुखण्याची गोळी, झोपेची गोळी, अ‍ॅसिडिटीची, डोळ्यांत थेंब, मलम, इंजेक्शन, काढा, ताकदीची पावडर, शेजारच्याने दिलेलं काही. नेहमीच्या पेनकिलरनी अंगात मीठ-पाणी साठतं, किडनीवर ताण येतो, हार्ट फेल्युअरवाल्याने रोज खाल्ल्या तर पाय सुजणारच. त्या सिस्टरला हे माहीत होतं म्हणून तिने शोधलं. तुलाही सवयीने येईल, लाज वाटून घेऊ नको.

थर्मामीटर

अगदी. मला एका आजींनी अ‍ॅलर्जी नाही सांगितलं होतं. नंतर सहज म्हणाल्या, एकदा एका इंजेक्शननंतर तोंड सुजलं होतं आणि घसा बंद झाला होता, पण ते तर "रिअ‍ॅक्शन" होतं, अ‍ॅलर्जी नव्हे. तेव्हापासून अ‍ॅलर्जी हा शब्दच वापरत नाही, कुठल्या औषधाने अंगावर उठलं, सूज आली, श्वास अडकला असं कधी झालंय का, हे विचारते. उलटंही होतं हां, कोणी म्हणतं अमुक गोळीची अ‍ॅलर्जी आहे आणि नीट विचारलं तर नुसतं मळमळलेलं असतं. म्हणून औषधाच्या नावापुढे नेमकं काय झालं होतं तेही लिहायचं.

कॅज्युअल्टीवाला

हे सगळं छान आहे पण ज्यांच्याकडे पाऊण तास आहे त्यांच्यासाठी. आमच्याकडे पेशंट स्ट्रेचरवरून येतो तेव्हा "सहा महिन्यांपूर्वी काय करायचात" विचारायला वेळ नसतो. आम्ही सॅम्पल (SAMPLE, इंग्रजी आद्याक्षरांवरून लक्षात ठेवायची यादी) वापरतो, म्हणजे लक्षणं, अ‍ॅलर्जी, औषधं, आधीचे आजार, शेवटचं खाणंपिणं कधी, आणि हे व्हायच्या आधी काय घडलं. हो-नाहीचे प्रश्नच लागतात तिथे. धाप लागलेल्या माणसाला "जरा मोकळेपणाने सांगा" म्हणणं म्हणजे छळ आहे, त्याला मान हलवता येईल असंच विचारावं लागतं. शेवटचं कधी खाल्लं हे मात्र विसरू नको, ऑपरेशनला न्यायची वेळ आली तर भूल देणारे पहिलं तेच विचारतात.

आणि दुखणं असेल तर ते पीक्यूआरएसटी (PQRST, तशीच आद्याक्षरांची यादी) पाठ कर, कशाने वाढतं-कमी होतं, कसं दुखतं, कुठे आणि कुठवर जातं, किती, कधीपासून. दोन मिनिटांचं काम.

रात्रपाळीवाली

@कॅज्युअल्टीवाला मान्य दादा, धाप लागलेल्याला गप्पा मारायला लावू नये. पण तुमच्याकडून वर वॉर्डात आल्यावर तरी कोणीतरी निवांत विचारायला हवं की नको. बरेचदा काय होतं, कॅज्युअल्टीत घाईत लिहिलेलं "नो अ‍ॅलर्जी, नो मेडिकेशन" तेच सगळीकडे उतरवलं जातं, डिस्चार्जपर्यंत.

कॅज्युअल्टीवाला

हे मात्र खरंय. आम्ही लिहिलेलं परत तपासत जा, आम्हीच सांगतो.

ट्यूटर_आहे_घाबरू_नका

पोरी, आधी एक गोष्ट. न विचारता "नाही" लिहिणं आजपासून बंद. ओरडू नका म्हणालीस म्हणून ओरडत नाही, पण रकाना रिकामा असला तर पुढचा माणूस विचारेल तरी, तू "नाही" लिहिलंस की तो दरवाजाच बंद झाला. "विचारले नाही" किंवा "पेशंटने सांगायचे टाळले" असं लिहायला काहीच हरकत नसते.

फॉरमॅटबद्दल. तो लिहिण्यासाठी आहे, विचारण्यासाठी नाही. आमचीही चूक आहे, आम्ही कागद हातात देतो आणि मुली तो वाचत सुटतात, नजर कागदात, पेशंट बघतोय मुलीच्या डोक्याच्या भांगाकडे. कागद मांडीवर पालथा ठेव, खुर्ची ओढून बस (उभं राहून नको, पेशंटला वाटतं ही निघालीच), तुझे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येऊ देत. नाव सांग, स्टुडंट आहेस ते सांग, किती वेळ लागेल ते सांग, पडदा ओढ आणि मग एकच वाक्य, "काय झालं ते पहिल्यापासून सांगा". आणि गप्प बस. गप्प बसणं हेच कठीण आहे. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या भेटी टेप करून एक अभ्यास झाला होता, पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे तोंड घालत होते. आपल्याही मुलींचं घड्याळ लावून बघितलं तर फार वेगळं निघणार नाही. पेशंट थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नको, मनात दहापर्यंत मोज, निम्म्या वेळा सातव्या-आठव्या आकड्याला खरी गोष्ट बाहेर येते.

त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिही. "छातीत भरून येतं" म्हणाला तर "चेस्ट पेन" लिहू नको, दोन्ही एक नाहीत. आपल्या लोकांकडे दुखण्याचे किती शब्द आहेत बघ, ठणकतं, ठसठसतं, कळ येते, चमक निघते, मुरडा येतो, जळजळतं, आग होते, मुंग्या येतात, बधिर झालंय, जड वाटतं. ठसठस म्हणाला की कुठे पू आहे का ते बघते मी, आग आणि मुंग्या एकत्र आल्या की नसेचा त्रास असेल असं मनात येतं, थांबून थांबून मुरडा म्हणजे आतडं किंवा तसलंच काहीतरी पोकळ. हे काही निदान नव्हे, पण पुढे कुठे बघायचं ते कळतं. तसंच "चक्कर येते" म्हटलं की तिथे थांबायचं नाही. आजूबाजूचं गरगर फिरतं, का उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, का नुसता तोल जातो? अंधारी म्हणाला तर झोपवून बीपी घे, मग उभं करून तीन मिनिटांत परत घे, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर ते कळवायचं. आणि "कसंतरी होतंय" म्हणणाऱ्याला कधीही हलक्यात घेऊ नको, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि डायबेटिसवाल्यांना, हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखलंच पाहिजे असं नाही.

"का" सुद्धा जपून वापर. "गोळी का नाही घेतली?" हे घरातल्या मोठ्यांनी विचारल्यासारखं लागतं, माणूस लगेच सबबी शोधतो. "गोळी घ्यायला काय अडचण येते?" म्हटलं की तो अडचण सांगतो. आणि "काही नाही होणार, काळजी करू नका" हे तर अजिबात नको, तो घाबरलाय हे सांगायला तोंड उघडत असतो आणि आपण झाकण लावतो.

हे "ना"चं प्रकरण नवीन नाही बरं का. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या आपल्या पुस्तकात यावरच कानउघाडणी केलीय, रात्र चांगली गेली का असं विचारू नका, किती तास झोप झाली आणि कोणत्या वेळी ते विचारा. दीडशेहून जास्त वर्षं झाली आणि आमच्या वॉर्डातल्या नोट्समध्ये अजून "स्लेप्ट वेल" असतं.

लिहिण्याबद्दल एकच सांगते, पेशंट बोलला ते एकीकडे आणि तू पाहिलं-मोजलं ते दुसरीकडे. "पेशंट रागीट आहे" हे दोन्हीत बसत नाही, ते तुझं मत झालं. "औषध द्यायला गेल्यावर हात झटकला, 'मला एकटं सोडा' म्हणाले" असं लिही.

पेशंटचा_मुलगा

मी नर्सिंगमधला नाही, गूगल करता करता इथे पोचलो. वडिलांना अ‍ॅडमिट केलं होतं तेव्हाचं सांगतो. एकच गोष्ट आम्ही पाच जणांना सांगितली, कधीपासून, काय झालं, कुठली गोळी, आणि प्रत्येकजण असं विचारायचा की जणू आधी कोणी विचारलंच नाही. पाचव्या वेळी वडील नुसतं "हो हो" करायला लागले. एक स्टुडंट सिस्टर आली होती, ती म्हणाली, काका मी फाइल वाचलीय, तुम्हाला परत सगळं सांगायला नको, फक्त दोन गोष्टी मला समजल्या नाहीत त्या विचारते. वडील तिच्याशी अर्धा तास बोलत बसले! म्हणजे वाचून या एवढंच म्हणणं आहे.

अजून एक. वडील आज वेगळेच वाटतायत, बोलणं तुटक आहे असं मी दोनदा सांगितलं, वय झालंय म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी कळलं की सोडियम खूप कमी झालं होतं. घरच्यांचं ऐकत जा जरा.

ट्यूटर_आहे_घाबरू_नका

@पेशंटचा_मुलगा तुमचं दोन्ही बरोबर आहे, हे मी उद्या वर्गात वाचून दाखवणार. घरचे जेव्हा म्हणतात "आज हे नेहमीसारखे नाहीत" तेव्हा ते मोजमापाइतकंच महत्त्वाचं असतं, कारण नेहमीसारखं म्हणजे काय हे आम्हाला माहीतच नसतं. अचानक गोंधळणं हे वयामुळे नसतं, त्यामागे इन्फेक्शन, औषध, साखर, सोडियम, लघवी तुंबणं असलं काहीतरी असतं.

पहिलीच_पोस्टिंग

बापरे एवढं सगळं, वहीत उतरवून घेतलं, थँक्यू सगळ्यांना. "ना" न लावता बोलायचा प्रयत्न सकाळपासून करतेय, रूममेटला वेड लागायची वेळ आलीय. पण ते पर्सनल प्रश्नांचं राहिलं. आणि तपासणीचं.

चहा_नंतर_राउंड

पर्सनलचं मी सांगते, मी सायकियाट्री वॉर्डला बरीच वर्षं आहे. पहिलं म्हणजे नातेवाईकांना बाहेर पाठव. "तपासणी करायची आहे, दहा मिनिटं बाहेर थांबा" हे पुरतं, जास्त खुलासा करायचा नाही. नवरा शेजारी बसलेला असताना बाईला घरी मारहाण होते का विचारणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, ती नाही म्हणेल आणि वर घरी गेल्यावर तिलाच भोगावं लागेल. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनाही आईबाप बाहेर गेल्यावरच कंठ फुटतो. भाषेची अडचण असली तरी शक्यतो घरच्यांना दुभाषी करू नका, ते आपल्या सोयीने गाळून सांगतात, आणि दुभाषी असला तरी तोंड पेशंटकडे ठेवून बोलायचं, दुभाष्याकडे नाही.

दुसरं, प्रश्नाआधी एक वाक्य लावायचं, "हे मी सगळ्यांनाच विचारते, औषधांशी संबंध असतो म्हणून". मग आवाज तोच ठेवून विचारायचं, जसा झोपेचा प्रश्न विचारलास तसाच. तू लाजलीस की तो लाजणार. दारूचं "पिता का" असं विचारलं की कोणीही "नाही हो, कधीतरी" म्हणतं. "आठवड्यातून साधारण किती दिवस होतं, एका बैठकीत किती, शेवटची कधी घेतली" असं विचार. शेवटची कधी हे फार महत्त्वाचं आहे, कारण रोज पिणारा माणूस अ‍ॅडमिट झाला की दारू अचानक तुटते आणि एक-दोन दिवसांत हातपाय थरथरणं, घाम, भास, फिट्स सुरू होऊ शकतात, जिवावर बेततं. ज्याच्या फाइलवर "दारू - नाही" लिहिलंय तो दुसऱ्या रात्री भिंतीवरचे किडे मारत असतो आणि सगळे विचारतात याला झालं काय. म्हणून तुझं ते न विचारता लिहिलेलं "नाही" किती महागात पडू शकतं बघ.

तिसरं, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का हे विचारायला सगळे घाबरतात, वाटतं आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात भरेल. तसं होत नाही. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांचा बांध फुटतो, सुटल्यासारखं वाटतं त्यांना. सरळ शब्दांत विचार, "असं वाटतं का कधी की जगू नये, स्वतःला संपवावं?" इथेही "असलं काही मनात येत नाही ना" हे नको. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, कोणालातरी तिथे बसवून किंवा तिथूनच हाक मारून इन्चार्जला सांगायचं, लगेच, ड्यूटी संपल्यावर नाही. आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही द्यायचं नाही. "तुमच्या उपचाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांनाच सांगेन, इतर कोणाला नाही" एवढंच खरं वचन आपण देऊ शकतो.

थर्मामीटर

तपासणीचं माझ्याकडून. हात कापतात तर हात आधी धुऊन चोळून गरम कर, गार हात पोटाला लागला की पोट आक्रसतं आणि तुला वाटतं कडक लागतंय.

पोट सोडून बाकी सगळीकडे क्रम असा: बघणं, दाबून बघणं, ठोकणं, ऐकणं. पोटाला मात्र बघून झालं की आधी ऐकायचं, मग ठोकायचं, दाबणं सगळ्यात शेवटी, कारण दाबल्यावर आतड्यांचे आवाज बदलतात. परीक्षेत हमखास विचारतात. जिथे दुखतं ती जागा शेवटी, आणि दाबताना नजर हाताकडे नाही, पेशंटच्या चेहऱ्याकडे. "दुखत नाही" म्हणत म्हणत भुवया आखडतात.

श्वास मोजताना सांगू नको की मोजतेय, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. मनगट धरून ठेव जणू नाडीच बघतेयस आणि छातीकडे बघून मोज, अनियमित वाटला तर पूर्ण मिनिट. मोठ्या माणसाचा १२ ते २०. आणि प्लीज प्लीज खरंच मोज, अख्ख्या वॉर्डातल्या चार्टवर सगळ्यांचे श्वास १८ कसे असतात हे मला कळलेलं नाही. तब्येत बिघडायला लागली की बरेचदा आधी श्वासच वाढतो, बीपी नंतर पडतं.

बीपी घेताना पाच मिनिटं बसू दे, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पायावर पाय नको, हात हृदयाच्या पातळीला, बाही वर चढवून आवळलेली नको, आणि दोघांनीही गप्प. बोलताना आकडा वाढतो. दंड जाड आणि कफ (बीपीच्या मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा) लहान असेल तर खोटं जास्त येतं, मोठा कफ मागून आण, कंटाळा करू नको. थर्मामीटर तोंडात घालायचा असेल तर गरम-गार काही प्यायलेत का विचार, प्यायले असतील तर पंधरा-वीस मिनिटं थांब (माझ्या नावाला जागावं लागतं म्हणून सांगितलं).

तुझ्या त्या काकांची सूज बघताना घोट्यावर, नडगीवर अंगठ्याने काही सेकंद दाबून धर, खड्डा किती खोल आणि किती वर गुडघ्यापर्यंत ते लिही. पण पेशंट दिवसरात्र पलंगावर झोपून असेल तर पाणी पायात नाही, कंबरेखाली माकडहाडापाशी साचतं, तिथे बघ. तेवढ्यात पाठ आणि टाचा पण बघून घे, लाल झालंय का, दाबल्यावर लाली जाते का. जात नसेल तर बेडसोरची सुरुवात आहे. आणि रोजचं वजन, त्याच वेळी, त्याच काट्यावर, शक्यतो तसेच कपडे. एक लिटर पाणी साचलं म्हणजे एक किलो वाढलं, एवढं साधं गणित आहे, डोळ्याला सूज दिसायच्या आधी काटा सांगतो.

पहिलीच_पोस्टिंग

आज परत काकांकडे गेले होते. सगळं नाही जमलं पण कागद पालथा ठेवला आणि विचारलं की पूर्वी काय काय करायचात. पाच मिनिटं ते त्यांच्या बागेबद्दलच बोलले, मला वाटलं भरकटले, पण ट्यूटर मॅडम म्हणाल्या तसं गप्प बसले. मग म्हणाले, पाण्याची बादली उचलवत नाही आता, मुलाला सांगायची लाज वाटते म्हणून झाडं वाळू दिली. हे फॉरमॅटमध्ये कुठे लिहायचं कळलं नाही, मी "अ‍ॅक्टिव्हिटी" खाली लिहिलं त्यांच्याच शब्दांत. निघताना "अजून काही नाही ना" तोंडातून निघालंच होतं, गिळलं, आणि "अजून काय काय सांगायचं राहिलं?" म्हटलं तर म्हणाले, रात्री श्वास कोंडून जाग येते तेव्हा फार भीती वाटते. सिस्टरांना लगेच सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना.

आता नवीन अडचण. शेजारच्या बेडवर एक आजी आहेत, ऐकू कमी येतं, कानाला मशीन आहे, मी ओरडून ओरडून विचारलं, सगळ्या वॉर्डाला त्यांच्या संडासाची हिस्टरी कळली आणि त्यांना काहीच नाही कळलं.

रात्रपाळीवाली

बादलीचं अ‍ॅक्टिव्हिटीतच बरोबर आहे, तिथेच राहू दे.

आजींना ओरडू नको, ओरडल्याने आवाज बारीक आणि चिरका होतो आणि वय झालेल्या कानांना नेमका बारीक आवाजच आधी ऐकू येईनासा होतो. आवाज जरा खालच्या पट्टीत, सावकाश, छोटी वाक्यं. समोर बस, खिडकी तुझ्या पाठीमागे नको, उजेड तुझ्या तोंडावर पडला पाहिजे म्हणजे ओठ दिसतात. पंखा, टीव्ही बंद. खाजगी प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दाखव, चष्मा लावलाय का ते बघून. आणि मशीन चालू आहे का, बॅटरी आहे का ते सगळ्यात आधी बघ.

पहिलीच_पोस्टिंग

बॅटरीच संपली होती.